वेदनाशमनाचे शिक्षण सरकारी महाविद्यालयांत मिळायला हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातारा जिल्ह्यात मी भूलतज्ज्ञ म्हणून काम करते आणि आठवड्यातून काही दिवस पेन क्लिनिकची, म्हणजे दीर्घकाळच्या दुखण्यांवर उपचार करणारी, ओपीडी चालवते. पदव्युत्तर प्रवेशाच्या फेऱ्या झाल्या की भूलशास्त्राला लागलेली मुले-मुली फोन करतात. हल्ली त्यांचा एक प्रश्न हमखास असतो : ‘मॅडम, एमडी झाल्यावर पेनमध्ये जाऊ का?’ जा, असे मी मनापासून सांगते. पण शिकायला कुठे जाऊ, असे विचारले की मला नीट उत्तर देता येत नाही.

तालुक्याच्या गावात भूलतज्ज्ञाचा दिवस सर्जनच्या फोनवर चालतो. बॅग गाडीत टाकायची, सकाळी एकीकडे सिझेरियन, दुपारी दुसरीकडे हाडाचे ऑपरेशन. पेन क्लिनिकमध्ये मात्र रुग्ण आपल्याकडे येतो, समोर बसून बोलतो, महिन्याने पुन्हा दाखवायला येतो. पण ओपीडीच्या वेळेत आलेल्या कॉलला नाही म्हणावे लागते, आणि चार वेळा नाही म्हटले की सर्जन दुसरा नंबर फिरवतो. सुरुवातीची वर्षे मिळकत घटते. हे मी मुलांना स्पष्ट सांगते, कारण डोक्यावर शैक्षणिक कर्ज असलेल्याला ते आधी कळलेले बरे.

त्यात शिकण्याचा खर्च वेगळा. इंडियन सोसायटी फॉर स्टडी ऑफ पेन ही संघटना १९८४ पासून काम करते आहे आणि तिने या शाखेला खूप काही दिले. तरी आजही बहुतेकांची वाट खासगी फेलोशिप (एमडीनंतरचे विशेष प्रशिक्षण) आणि शनिवार-रविवारच्या कार्यशाळा हीच आहे. एफआयपीपीसारख्या वेदनाशमनाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेची फी तर डॉलरमध्ये भरावी लागते. एमडीच्या अभ्यासक्रमात वेदनाशमन आहे, पण कॉलेजच्या रुग्णालयात पेन क्लिनिकच नसेल तर विद्यार्थी ते फक्त पुस्तकात वाचतो.

दुखणे थांबवण्यासाठी नसेपर्यंत सुई कशी घालायची हे कार्यशाळेत शिकता येते. ती कोणाला घालायची आणि कोणाला नाही, हे वर्षभर ओपीडीत बसल्याशिवाय कळत नाही. माझ्याकडे एक शेतमजूर बाई आल्या होत्या. गालाला वारा लागू नये म्हणून पदर तोंडावर घट्ट धरलेला. भाकरी चावली की वीज चमकल्यासारखी कळ जायची, म्हणून कित्येक आठवडे त्या दुधात कुस्करून खात होत्या. त्या बाजूच्या दोन दाढा आधीच काढून झाल्या होत्या आणि दुखणे होते तसेच. ते दातांचे नव्हतेच, चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूचे होते. ट्रायजेमिनल न्यूराल्जियाच्या रुग्णांची ही नेहमीची कहाणी आहे. बाईंना गोळ्यांनीच आराम पडला. नाही पडला असता तर सी-आर्म या एक्स-रे यंत्राखाली पाहत गालातून सुई घालून रेडिओफ्रिक्वेन्सीचा, म्हणजे त्या मज्जातंतूला उष्णता देण्याचा, उपाय करता आला असता. पण तो पुढचा टप्पा. आधी त्यांचे सगळे ऐकून घेऊन नेमके निदान करणारे कोणी तरी हवे होते, आणि ते त्यांना फार उशिरा भेटले.

कर्करोगाच्या रुग्णांची अवस्था याहून वाईट आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फीन हे अफूपासून बनणारे तीव्र वेदनाशामक मिळणे इतके अवघड केले की डॉक्टरांनी ते लिहिणेच सोडून दिले. वेदनामुक्तीसाठी झटणारे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळमधून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवान्यांची गुंतागुंत कमी झाली. आता मान्यताप्राप्त रुग्णालयाला मॉर्फीन ठेवता येते, मात्र वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर तिथे असावा लागतो. म्हणजे डॉक्टर घडवला नाही तर गोळीही मिळत नाही. ज्या देशात मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमचच्या पट्ट्यात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, त्या देशात आमच्या जिल्ह्यातला रुग्ण शेवटचे महिने कण्हत काढतो, याचा मला मनस्वी संताप येतो.

टाटा मेमोरियलमध्ये २०१२ मध्ये पॅलिएटिव्ह मेडिसिनची (गंभीर आजारातल्या वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या शाखेची) एमडी सुरू झाली, ती देशातली पहिली. म्हणजे मुंबईत हे घडू शकते. गेल्या काही वर्षांत सातारा, अलिबाग, सिंधुदुर्ग, नंदुरबार, धाराशिव, परभणी इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आली. तिथे आणि जुन्या महाविद्यालयांत भूलशास्त्र विभागाच्या जोडीने पेन ओपीडी सुरू करावी. तिच्यासाठी स्वतंत्र पद असावे, ऑपरेशन थिएटरमधून उसना घेतलेला माणूस नको. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तिथे विद्यावेतनासह वर्षभराची फेलोशिप द्यावी आणि काही जागा ग्रामीण रुग्णालयांत काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी राखून ठेवाव्यात.

आणखी एक अडचण आरोग्य विभागाच्या कानावर घालायची आहे. नस बधिर करण्यासाठी आम्ही सोनोग्राफी वापरतो, आणि त्या यंत्राची नोंदणी गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली करावी लागते. कायदा अत्यावश्यक आहे, त्यात तसूभरही ढिलाई नको. पण गुडघ्या-खांद्यापुरते यंत्र वापरणाऱ्या भूलतज्ज्ञाच्या अर्जाचे काय करायचे, याची स्पष्ट लेखी सूचना जिल्हा पातळीवर पोहोचली तर नव्या डॉक्टरांचे हेलपाटे वाचतील.

आपली,
एक भूलतज्ज्ञ, जि. सातारा