शुभाकडून शपथ मागू नकोस

ठाणे,
रविवार, रात्री

प्रिय वैजू,

परवा फोनवर तू विचारलंस, "खरं सांग, शुभा पिते का?" मी गाडीत होते, भोवती गर्दी, नीट बोलता आलं नाही. म्हणून आता निवांत बसून लिहितेय. हो, वैजू, पिते. आणि पार्टीतल्या एखाद्या पेगच्या ते खूप पुढे गेलंय. सोसायटीतल्या कुणाकडून कानावर येण्यापेक्षा तुला माझ्याकडून कळलेलं बरं.

कशावरून म्हणते ते सांगते. गेल्या महिन्यात कासारवडवलीला तिच्याकडे दिवसभर होते. मनोज टूरवर, मुलं शाळेत. सकाळी दहाच्या सुमारास तिने चहा केला. कप बशीवर वाजायला लागला, तशी तिने बशी बाजूला सारली आणि कप दोन्ही हातांत धरला. "बीपीची गोळी बदललीय ना ताई, त्याने होतंय." मग कपडे वाळत घालते म्हणून आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. दुपारी त्याच हातांनी माझ्यासमोर बसून तिने गवार मोडली, एक शीर राहू दिली नाही. पोटात चहाशिवाय काही नव्हतं. कमजोरीने कापणारा हात असा आपोआप थांबत नाही गं. रक्तातली दारू उतरली की कापरं भरतं आणि पुन्हा घोट गेला की थांबतं. दिवसभर तोंडात बडीशेप, आणि ती स्टीलची पाण्याची बाटली कायम हाताशी, अगदी मुलांचा अभ्यास घेतानासुद्धा. धाकट्याने ती उचलली तर केवढ्याने ओरडली त्याच्यावर! आपली शुभा, जिचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता.

तू म्हणालीस, "पण घर तर किती टापटीप ठेवते!" ठेवतेच. त्यामुळेच कुणाला संशय येत नाही. पुरुष बारमध्ये पितो, मित्रांत पितो, पडला तर चार जण उचलून आणतात आणि गल्लीभर कळतं. बाई पिते ती डबे भरून झाल्यावर, दार लावून, एकटी. बाटली तांदळाच्या डब्यात नाहीतर वॉशिंग मशीनच्या मागे. दुकानाची पायरीही चढावी लागेलच असं नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपल्याकडे घरपोच दारूला परवानगी मिळाली होती, तेव्हा तर एका फोनवर काम व्हायचं. कळतं ते कामाला येणाऱ्या मावशींना, कारण कचऱ्याची पिशवी त्या उचलतात. त्या बिचाऱ्या कुणाला सांगणार?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ वर्षांवरच्या बायकांपैकी १.३ टक्के दारू पितात असं निघालं. पुरुषांत हेच प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास. दारात आलेल्या परक्या माणसाला किती बायका "हो" म्हणतील, हे तूच सांग. डॉक्टरसुद्धा विचारत नाहीत. मी इतकी वर्षं लॅबमध्ये आहे. पुरुषाचं जीजीटी, म्हणजे यकृताच्या रक्ततपासणीतला एक आकडा, वाढलेलं दिसलं की पहिला प्रश्न, "घेता का?" बाईचं वाढलं की फॅटी लिव्हर, थायरॉइड, पाळी जायचं वय, टेन्शन. शुभालाही ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, झोपेच्या झाल्या. दारूने झोप लागते, पण पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात, म्हणून झोपेची गोळी. आणि दारूवर झोपेची गोळी म्हणजे श्वास मंदावण्याचा धोका. मला रात्री याचीच सगळ्यांत जास्त धास्ती वाटते.

आणि आपल्या शरीरात ती भिनतेही लवकर. आपल्या अंगात पाण्याचा अंश पुरुषांपेक्षा कमी असतो आणि पोटातच दारू मोडणारं एन्झाइमही कमी, त्यामुळे तेवढ्याच पेगने रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. पहिल्या घोटापासून व्यसनापर्यंतचा, आणि पुढे यकृत खराब होण्यापर्यंतचा काळ बायकांत बऱ्याचदा कमी असतो. स्तनाच्या कॅन्सरचा धोका तर थोड्या पिण्यानेही वाढतो. मनोज म्हणेल, "माझ्याएवढीच तर घेते." तेव्हा त्याला हे सांग.

डॉक्टर लोक चार साधे प्रश्न विचारतात: कमी करायला हवी असं कधी वाटलं का, कुणी बोललं तर राग येतो का, मनाला खातं का, आणि सकाळी उठल्यावर आधी घोट लागतो का. दोन "हो" आले तरी नीट तपासायला हवं. शुभाचं शेवटच्याचं उत्तर मी डोळ्यांनी पाहिलंय. तिसऱ्याचं तिने न विचारता दिलं. मी निघताना दारात म्हणाली, "मी चांगली आई नाहीये गं ताई." आई गेल्यापासून, नोकरी सुटल्यापासून ती आत कुठे कुठे मोडलीय ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

म्हणून वैजू, तू येशील तेव्हा तिचा हात मुलांच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावू नकोस. आपल्याकडे सगळी घरं हेच करतात. शपथ मोडते, कारण हा आजार आहे, आणि मोडली की आपण पोरांच्या जिवावर उठलो या भीतीने ती आणखी पिते. तुझ्या सासूबाईंची शुगर वाढली तेव्हा तू त्यांच्याकडून शपथ घेतली नाहीस, इन्सुलिन सुरू केलंस.

बाटल्या बेसिनमध्ये ओतून तिला घरात कोंडूही नका. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर काही तासांत घाम, ओकाऱ्या, थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे भ्रम होतो, नाही ते दिसायला लागतं. त्यात जीवही जातो. हे दवाखान्यातच व्हायला हवं, औषधांच्या आधाराने, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन. आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या त्या जाहिराती, "पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा", त्यांच्या नादी मनोजला लागू देऊ नकोस. दारू सोडवण्याची एक गोळी खरोखरच आहे, पण ती पोटात असताना दारू घेतली तर बीपी धाडकन उतरतं, हृदयावर येतं. भाजी-आमटीत लपवून द्यायची ती वस्तू नव्हे.

उपचार आहेत, गं. इथे ठाण्यात १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे बायकांसाठी 'निशिगंध' म्हणून वेगळा विभाग आहे. पुढे ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस गटाच्या मीटिंगा, पैसे लागत नाहीत, आडनावही सांगावं लागत नाही. मनोजसाठी आणि तुझ्यासाठी अल-अनॉन, पिणाऱ्यांच्या घरच्यांचं. रात्री-अपरात्री काही झालं तर १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लागतो, व्यसनासाठी १४४४६ आहे. दोन्ही नंबर मनोजच्या मोबाइलमध्ये टाकून दे. फिट आली तर मात्र फोनवर बोलत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

तिच्याशी सकाळी बोल, उतरलेली असते तेव्हा. मुलं शाळेत गेल्यावर. किती पितेस हे विचारू नकोस, ती खोटं सांगेल आणि मग तुमच्यात ते खोटं येऊन बसेल. झोप कशी लागते, हात कधीपासून कापतोय, एवढंच विचार आणि ऐकत राहा. पहिल्यांदा चिडेल. "तुम्ही सगळे माझ्यावर पाळत ठेवता" म्हणेल. तरी उठून जाऊ नकोस.

तिकीट काढलंस की कळव, स्टेशनवर घ्यायला येते. माझ्याकडेच राहा, तिच्या सासरच्यांना आत्ता काही कळायला नको. डॉक्टरांची मंगळवारची वेळ मी घेऊन ठेवतेय. शुभा तयार झाली तर तिघी जाऊ, नाही झाली तरी आपण दोघी जाऊ. घरच्यांनी आधी येऊन भेटलं तरी चालतं, मी विचारून घेतलंय. जेवणाखाण्याचं काही आणत बसू नकोस, फक्त तिचे जुने रिपोर्ट तुझ्याकडे असतील तर तेवढे घे.

तुझीच,
सुमन