समुपदेशक ताईंना, निवृत्तीच्या निमित्ताने

आदरणीय ताईंना सप्रेम नमस्कार,

या महिनाअखेरीस तुम्ही सेवानिवृत्त होत आहात, हे कुटुंबीयांच्या गुरुवारच्या बैठकीत समजले. व्यसनमुक्तीच्या कामात कौतुक होते ते दारू सोडणाऱ्याचे आणि फार तर डॉक्टरांचे. त्याच्या बायकोशी, आईशी, शाळकरी मुलांशी वर्षानुवर्षे बोलत राहिलेल्या माणसाचे नाव सहसा कोणी घेत नाही. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

आमचे यजमान बेळगावला उद्यमबागेतील फौंड्रीत कामाला आहेत. २००७ च्या जुलैमध्ये कर्नाटकात सारायी, म्हणजे स्वस्त देशी दारू, बंद झाली तेव्हा आमच्या गल्लीतील बायकांनी साखर वाटली होती. पण तिची जागा स्वस्त व्हिस्कीने घेतली, आणि इथली दुकाने बंद असतील त्या दिवशी महाराष्ट्राच्या हद्दीतले शिनोळी काही लांब नाही.

‘त्यांना चार शब्द समजावून सांगा’ एवढेच मागायला मी तुमच्याकडे आले होते. तुम्ही मात्र मला रात्री झोप लागते का, मुले अभ्यासाला कुठे बसतात आणि बचत गटाचा हप्ता कोण भरते, हे विचारलेत. कपाटामागच्या बाटल्या शोधणे, फोरमनला ‘ताप आलाय’ म्हणून फोन करणे आणि दुकानाची उधारी भागवणे ही बायकोची कामे नव्हेत, असे त्याच दिवशी स्पष्ट बजावलेत. हे मला तोवर कोणीही, अगदी माहेरच्यांनीही, सांगितले नव्हते.

जावेने कुठूनशी आणलेली, नकळत भाजीत मिसळायची पूड मी तुमच्या टेबलावर ठेवली, तेव्हा तुम्ही ती पुडी उघडून पाहिलीत आणि परत न देता ड्रॉवरमध्ये टाकलीत. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध असेल आणि वरून दारू पोटात गेली, तर उलट्या व धडधड सुरू होऊन रक्तदाब एकाएकी खाली येतो, प्रसंगी जिवावर बेतते. ते औषध रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते, हे तुमच्याकडून कळले.

सासूबाईंचा बेत वेगळाच होता. पंढरपूरला नेऊन माळ घालायची आणि घरी आणून चार दिवस खोलीत कोंडायचे. शिकलेली माणसे अशा वेळी हसतात. तुम्ही हसला नाहीत. ‘माळ अवश्य घाला आजी, पण आधी दवाखाना,’ म्हणालात, आणि रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होऊ लागतात, हे त्यांना पटेल अशा शब्दांत सांगितलेत. पुढे सासूबाईच रात्रभर वॉर्डाबाहेर बसून राहिल्या. माळही नंतर घातली गेली.

त्यानंतरही यजमान घसरले. उपचार वाया गेला असे तुम्ही म्हटले नाहीत. हा आजार मधुमेहासारखा जन्मभर सांभाळावा लागतो, असे सांगून पुन्हा केसपेपर काढायला लावलात. मारहाण झाली तर घरात क्षणभरही थांबायचे नाही, हे तुम्ही ठामपणे सांगत होता, परंतु ‘मी कायमची माहेरी जाऊ का?’ या प्रश्नाला उत्तर देत नव्हता. त्याचा तेव्हा मला फार राग यायचा. आज वाटते, तुम्ही उत्तर दिले असते तर पुढचा प्रत्येक निर्णय मी तुमच्याच दारात आणून टाकला असता.

गुरुवारची बैठक चालू राहणार आहे. नव्याने येणाऱ्या बायकांशेजारी बसायला आम्ही तिघी-चौघी तयार झालो आहोत; चिक्कोडीच्या अक्का कन्नड बोलणाऱ्यांना सांभाळून घेतील. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावला आहे. अडलेच तर तुम्हाला फोन करू, पण सुरुवातीचे काही महिने तरी करायचा नाही, असे सर्वानुमते ठरले आहे.

आपली नम्र,
खानापूर तालुक्यातील एक गृहिणी