तुमच्या इन्स्टॉलरने माझ्या संगणकाचा पाथ पुसला, त्याबद्दल तक्रार

सोलापूर
दिनांक : १८ जून २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या पगार-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने संगणकाचा सिस्टीम पाथ (प्रोग्राम कुठे शोधायचे त्या पत्त्यांची विंडोजची यादी) पुसून टाकल्याबद्दल, आणि तंत्रज्ञाला दिलेले १,५०० रुपये परत मिळण्याबद्दल

महोदय,

स. न. वि. वि.

माझ्या नावावर आपल्याकडे तीन तक्रारी नोंदवलेल्या आहेत. तिन्ही ‘ग्राहक समाधानी’ असा शेरा मारून बंद झाल्या आहेत. मी समाधानी नाही. म्हणून हे पत्र ईमेलनेही पाठवते आहे आणि रजिस्टर टपालानेही. दोन्हींपैकी एकाची तरी पोच देणं तुम्हाला भाग पडेल.

मी अशोक चौकाच्या मागच्या बाजूला राहते आणि छोट्या यंत्रमाग कारखानदारांचे हिशेब लिहिते. अकरा कारखाने आहेत. बहुतेक टॉवेल-नॅपकिनवाले, दोघे चादरीचे. कामगारांचा आठवड्याचा पगार, सुताची खरेदी, बिलं, जीएसटी, सगळं माझ्याकडे. आपलं सॉफ्टवेअर चार वर्षं वापरते आहे आणि नूतनीकरणाचे पैसे एकदाही थकवलेले नाहीत. सॉफ्टवेअर वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पीसवर मजुरी काढायचा तुमचा तक्ता फार सोयीचा आहे, माझे दोन कारखानदार त्याचीच तारीफ करतात. माझी तक्रार इन्स्टॉलरबद्दल आहे आणि त्यानंतर फोनवर जे ऐकावं लागलं त्याबद्दल आहे.

२७ मे, मंगळवार. पडद्यावर नवी आवृत्ती आल्याची सूचना दिसली, मी होकार दिला. संगणकाने प्रशासकाची परवानगी मागितली, तीही दिली. तुमचंच सॉफ्टवेअर, नाही म्हणायला कारण नव्हतं. पाच मिनिटांत सगळं आटोपलं, तक्ते उघडले, जुने आकडे जागच्या जागी होते. काही बिघडलंय याचा पत्ता त्या दिवशी लागला नाही, पुढचे अकरा दिवसही लागला नाही.

माझ्या डेस्कटॉपवर एक छोटी बॅच फाइल आहे, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञा लिहून ठेवलेली फाइल. संध्याकाळी काम संपलं की तिच्यावर दोनदा क्लिक करायचं आणि चहा ठेवायला उठायचं. विंडोजबरोबर येणारी रोबोकॉपी दिवसभराचे हिशेब बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवते. काळी खिडकी उघडते, अर्धा मिनिट फाइलींची नावं धावतात, खिडकी बंद होते. २७ तारखेपासून ती पापणी लवायच्या आत बंद व्हायला लागली. मला वाटलं, बरं झालं, संगणक जरा चपळ झाला. हसा खुशाल.

मे-जूनमध्ये सोलापुरात दिवसभर ऊन भाजतं आणि संध्याकाळी वळीव आला की वीज जाते. त्या अकरा दिवसांत चालू काम असताना संगणक दोनदा धाडकन बंद पडला. दोन्ही वेळा मी मनाशी म्हटलं, जाऊ दे, बॅकअप आहे. ७ जूनला एका कारखानदाराला पगारपत्रक द्यायचं म्हणून ती डिस्क त्याच्या संगणकाला लावली, तर शेवटची फाइल २६ मेची. अकरा कारखान्यांचा अकरा दिवसांचा हिशेब घरातल्या एका सहा वर्षं जुन्या डिस्कच्या भरवशावर पडून होता. पोटात गोळा आला. ११ तारखेला काहींची जीएसटीची विवरणपत्रं भरायची होती, ती भीती वेगळीच.

घरी येऊन बॅच फाइल काळ्या खिडकीत हाताने चालवली. रोबोकॉपी नावाची आज्ञा किंवा प्रोग्राम ओळखता येत नाही, असा इंग्रजी संदेश आला. तुमच्या मदत क्रमांकावर फोन केला. पहिल्या मुलाने इंटरनेट कमी आहे म्हणून सांगितलं. फाइल एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर जाते, त्यात इंटरनेटचा काय संबंध, असं विचारलं तर त्याने वरिष्ठांना जोडतो म्हणत फोन कापला. दुसऱ्याने व्हायरस म्हटलं. तिसऱ्याने दूरवरून संगणकाचा ताबा घेतला, अँटिव्हायरस बंद केला, तुमचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं आणि आमच्या बाजूने सगळं ओके आहे मॅडम, असं म्हणून निघून गेला. जाताना अँटिव्हायरस परत चालू करायचंही विसरला. त्यानंतर तुमच्या अधिकृत विक्रेत्याने माणूस पाठवला. त्याने तासभर बसून १,५०० रुपये घेतले आणि निदान सांगितलं : फॉरमॅट मारावं लागेल. वर एक सल्ला फुकट. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबरला संपणारच आहे, तर नवाच संगणक घ्या ना. पाठिंबा संपणार हे खरं आहे, पण ऑक्टोबरात संपणाऱ्या पाठिंब्यामुळे मे महिन्यात रोबोकॉपी हरवत नाही.

८ जूनला रविवार होता. माझा भाचा इथेच इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तो जेवायला आला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी ताटात तशीच ठेवून तो संगणकाशी बसला. त्याने काळ्या खिडकीत ‘डिर’ लिहिलं, यादी आली. ‘पिंग’ लिहिलं, तोच नकाराचा संदेश. मग विंडोजचे स्वतःचे प्रोग्राम जिथे असतात त्या सिस्टीम३२ फोल्डरचा पूर्ण पत्ता देऊन पिंग चालवलं, तर चाललं.

म्हणाला, “मावशी, तुझा पाथ गेलाय.”

“कुठं गेला?”

“नवीन काय टाकलंस मध्यंतरी?”

खरं तर हे तुम्ही मला समजावून सांगायला हवं होतं, पण आता मीच तुम्हाला सांगते. डिर, कॉपी यांसारख्या आज्ञा त्या काळ्या खिडकीच्या प्रोग्राममध्येच असतात, त्यांना कुणाला शोधावं लागत नाही. पिंग आणि रोबोकॉपी ह्या वेगळ्या फाइली आहेत. आपण नुसतं नाव लिहिलं की विंडोज आधी चालू फोल्डरमध्ये बघतं आणि नंतर ‘पाथ’ नावाच्या एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे विंडोजने जपलेल्या एका नोंदीत, अर्धविरामाने तोडून लिहिलेले पत्ते एकेक करून धुंडाळतं. सिस्टीम३२ चा पत्ता त्या यादीत असतो म्हणूनच रोबोकॉपी सापडते. विंडोजचे स्वतःचे बरेचसे भाग मात्र ह्या यादीवर अवलंबून नसतात, ते सिस्टीम३२ मध्ये थेट बघतात. त्यामुळे संगणक वरवर ठणठणीत दिसतो. तुमच्या तिन्ही मुलांना तो ठणठणीत दिसला तो त्यामुळेच.

सिस्टीमच्या गुणधर्मांत जाऊन एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची खिडकी उघडली. वरच्या भागात, माझ्या खात्याचा पाथ, जसाच्या तसा होता. खालच्या भागातला सिस्टीमचा पाथ उघडला, तर आत एकच पत्ता. तुमच्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरचा. विंडोजचे पाचही पत्ते गायब, जावाचा गायब, प्रिंटरवाल्याने टाकलेला गायब. आमच्याकडे मागावर तुटलेला धागा जोडायला बोलावलेल्या माणसाने अख्खा भीमच, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळच, कापून ठेवला, तर कारखानदार त्याला काय म्हणेल ते मी इथे लिहीत नाही.

नशीब एवढंच की दिवाळीत जावा टाकताना भाच्याने जुना पाथ नोटपॅडमध्ये डकवून ठेवला होता. त्याने तो रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं तिथे, जाऊन चिकटवला, संगणक पुन्हा चालू केला, तरी पिंग नाही. काळ्या खिडकीत पाथ छापून बघितला, तर सिस्टीमरूट हा शब्द टक्केवारीच्या दोन चिन्हांमध्ये तसाच उभा. त्या जागी विंडोजच्या फोल्डरचा पत्ता यायला हवा होता. तुमच्या इन्स्टॉलरने नोंद नुसती पुसली नव्हती, तिची जातही बदलली होती. पाथची नोंद विस्तार होणाऱ्या मजकुराच्या प्रकारची असते. तुम्ही साध्या मजकुराची करून ठेवलीत, त्यामुळे आतले संक्षेप उलगडेनात. ती काढून योग्य प्रकाराची नवी नोंद केली, पुन्हा संगणक चालू केला, आणि रोबोकॉपीची नावं पूर्वीसारखी धावायला लागली. भाकरी तोवर आणखी कडक झाली होती.

ह्यावर तुमचं उत्तर मला आत्ताच ऐकू येतंय : बाकी कुणाची अशी तक्रार नाही. बरोबर आहे, आणि का नाही तेही आम्ही शोधलं. माझा जुना पाथ मोजला, ती १,१८७ अक्षरं भरली. मग भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर, जिथे पाथ जेमतेम ४०० अक्षरांचा होता, तुमच्या साइटवरची चाचणी आवृत्ती टाकली. काही बिघडलं नाही. तुमचा पत्ता शेवटी गुपचूप जोडला गेला. मग ती काढली, पाथमध्ये खोटे पत्ते भरून तो १,१०० अक्षरांच्या वर नेला आणि तीच आवृत्ती पुन्हा टाकली. सगळं साफ, उरला फक्त तुमचा पत्ता. दुसऱ्यांदा करून पाहिलं, तेच झालं. तुमच्या ऑफिसातले संगणक नवे असणार, त्यांच्यावर चार प्रोग्राम असणार, त्यांचा पाथ आखूड. ज्यांचे संगणक जुने, ज्यांच्यावर वर्षानुवर्षं काही ना काही टाकलं गेलंय, फटका फक्त त्यांनाच. आणि तुमचे गिऱ्हाईक बहुतेक असलेच.

इन्स्टॉलरच्या आत काय लिहिलंय ते तुम्हीच जाणा. पण १,०२४ हा आकडा ह्या धंद्यात कुणाला नवा नसावा. अशा व्हेरिएबलमध्ये मजकूर लिहिणारी विंडोजची सेटएक्स ही आज्ञा १,०२४ अक्षरांनंतरचा मजकूर कापून टाकते. इन्स्टॉलर बनवायच्या काही साधनांतही मजकुराची मूळ मर्यादा तेवढीच असते. त्याहून लांब पाथ वाचायला गेलं की हाती रिकामा मजकूर येतो, आणि त्या रिकाम्याला आपला पत्ता जोडून परत लिहिलं की जुनं सगळं गेलं. खुद्द विंडोज एका व्हेरिएबलला ३२,७६७ अक्षरांपर्यंत जागा देतं. म्हणजे माझा पाथ फार लांब होता, ही सबबही चालणार नाही.

आणखी एक. ८ जूनला पाथ दुरुस्त करताना तुमचा पत्ता आम्ही त्यात परत टाकलाच नाही. आज दहा दिवस झाले, तुमचं सॉफ्टवेअर डेस्कटॉपवरच्या चिन्हावरून झकास उघडतंय, ह्या आठवड्याचे पगारही त्यातच झाले. मग मुळात सिस्टीमच्या पाथला हात लावायची गरज काय होती?

आता मागणी. इन्स्टॉलरमधला दोष तुम्ही लेखी मान्य करावा आणि दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत ही आवृत्ती साइटवरून काढावी. ज्यांनी २७ मेपासून ती टाकली त्या सर्वांना पाथ तपासायला कळवावं. माझ्यासारखी काळी खिडकी बघून चहा ठेवायला जाणारी आणखी कुणी असेल, तिचा बॅकअप आज रात्रीही होणार नाही. तंत्रज्ञाचे १,५०० रुपये परत करावेत, कारण दोष तुमचा होता आणि त्याने दुरुस्त काहीच केलं नाही. तिन्ही तक्रारींवरचा ‘समाधानी’ हा शेरा खोडावा. नव्या संगणकाची, मनस्तापाची वगैरे भरपाई मी मागत नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवस वाट बघेन. नंतर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला आणि ई-जागृती पोर्टलवरून सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करेन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारदार राहतो तिथेच ती दाखल करता येते, आणि इतक्या छोट्या रकमेला फीही लागत नाही. धंद्यासाठी घेतलेलं सॉफ्टवेअर म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं कुणी वकील सुचवेल, तर स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी केलेली खरेदी त्या कायद्याने वगळलेली नाही, हेही त्याने वाचावं. माझ्याकडे नोकर नाही, भागीदार नाही. मी आणि हा संगणक.

ह्यावर मला फोन करू नये. जे काही असेल ते लेखी कळवावं.

कळावे,
आपली ग्राहक
(ग्राहक क्रमांक सोबतच्या पावतीवर आहे)

सोबत : नूतनीकरणाची पावती, तंत्रज्ञाच्या १,५०० रुपयांची पावती, ८ जूनला काढलेली सिस्टीम पाथच्या खिडकीची छायाचित्रं, लॅपटॉपवरच्या दोन्ही चाचण्यांचं पडदा-चित्रण (पेन ड्राइव्हवर, बघून झाल्यावर पेन ड्राइव्ह परत पाठवावा, तो भाच्याचा आहे)