फोनवर जे सांगितलं नाही ते

चि. अभी,
अनेक आशीर्वाद.

बाबा जेवून आडवे झालेत, घरात शांत आहे, म्हणून बसून टाईप करतेय. व्हॉट्सॅपवर एवढं लांबलचक कोणी लिहीत नाही हे मला माहितीये पण फोनवर मला हे बोलायला जमणार नाही, तुझा आवाज ऐकला की मी परत "छान झाली रे युरोपची ट्रिप, मस्त झाली" म्हणून मोकळी होईन. तू त्या दिवशी आम्ही मुंबईला उतरल्या उतरल्या फोन केलास आणि पहिलंच विचारलंस, आई, दिसला का ग्लेशियर? मी म्हणाले, दिसला. अभी, नाही दिसला. काहीच दिसलं नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं पण तू निम्मे पैसे भरलेले, ईएमआय चालू आहेत तुझे, आणि तुझ्या आवाजात इतका आनंद होता की तोंडातून खरं निघेना. आज लिहितेय कारण परवा तू जपानचं काढलंस. पुढच्या वर्षी आमच्या लग्नाला 40 वर्षं होतात म्हणून तशाच ग्रुप टूरचं बुकिंग करतोस म्हणालास, डिपॉझिट पंधरा दिवसांत भरायचंय म्हणालास. भरू नकोस. आधी हे सगळं वाच.

तुला आठवत असेल, मी मे 2019 ला रिटायर झाले तेव्हाच ठरलं होतं, पुढच्या मेमध्ये युरोप. भिशीचे पैसे, ग्रॅच्युइटीतले थोडे, बाबांचे थोडे. मग मार्च 2020 आला, विमानंच बंद झाली, कंपनीने पैसे परत द्यायच्या ऐवजी क्रेडिट नोट हातात ठेवली आणि ती वटवता वटवता नाकी नऊ आले. मग बाबांचा गुडघा. मग इराचा जन्म, तेव्हा तर मी कुठे जाणारच नव्हते. पाच वर्षं ते जुनं माहितीपत्रक माझ्या कपाटात साड्यांच्या खाली होतं, मी अधूनमधून काढून बघायचे.

पण माझी वाट बघणं पाच वर्षांचं नव्हतंच. मी 31 वर्षं मुलींना भूगोल शिकवला. आल्प्स हा वली पर्वत, हिमनदीची झीज, यू आकाराची दरी, लोंबती दरी, हिमोढ. खडूने फळ्यावर किती वेळा काढलं असेल याचा हिशोब नाही. आपली कृष्णेची दरी मी मुलींना पसरणी घाटात नेऊन दाखवू शकायचे, टेबललँडवर नेऊन जांभा खडक हातात देऊ शकायचे, पण हिमनदी कुठून दाखवणार? दरवर्षी एखादी तरी पोरगी विचारायची, बाई तुम्ही बघितलीय का? आणि मी नाही म्हणायचे. नाही म्हणताना मला दरवेळी लागायचं. तुम्हाला मुलांना हे कधी सांगितलं नाही मी.

तर युंगफ्राऊचा, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या त्या शिखराकडे जायचा दिवस. सकाळी ग्रिंडेलवाल्डला पोचलो तर खालच्या स्टेशनवर मोठे स्क्रीन आहेत, वरच्या कॅमेऱ्यातलं लाइव्ह दिसतं त्यावर. सगळा स्क्रीन पांढरा. मला वाटलं कॅमेरा बिघडलाय. ग्रुपमधल्या एका काकांनी विचारलं उद्या आलं तर चालेल का, तर टूर मॅनेजर म्हणाला तिकिटं आजचीच आहेत, उद्या आपण इटलीत. त्याचंही काही चुकीचं नव्हतं, 42 माणसांची तिकिटं आयत्या वेळी कोण बदलणार. गेलो वर. आधी केबल कार, मग ती दातेरी रुळांची ट्रेन, आणि ती ट्रेन जवळजवळ सगळी बोगद्यातूनच जाते, सात किलोमीटरपेक्षा जास्त, आयगर आणि म्योंख या दोन डोंगरांच्या पोटातून. 1896 ला काम सुरू झालं, सात वर्षांत संपवायचं होतं, सोळा लागली, 1 ऑगस्ट 1912 ला गाडी वर पोचली. ज्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली तो गुयर-त्सेलर 1899 लाच वारला. हे सगळं मी जायच्या आधी वहीत लिहून नेलं होतं, बोगद्यात बाबांना वाचून दाखवत होते. ते म्हणाले, एवढा खडक त्या काळात कशाने फोडला असेल गं.

मध्ये आइसमीर नावाचं स्टेशन येतं, म्हणजे बोगद्यातच खडक कोरून काचेची खिडकी केलीये, तिथे गाडी पाच मिनिटं थांबते. मी खिडकीकडे नाही गेले. तिथे टॉयलेट आहे आणि खाली रांग लांब म्हणून मी सकाळपासून थांबले होते, त्यामुळे आधी तिकडे गेले. मला वाटलं इथे काय बघायचं, वर तर सगळं दिसणारच आहे. या गोष्टीकडे मी शेवटी येते.

वर 3,454 मीटर. बाहेरच्या गॅलरीत गेलो. अभी, महाबळेश्वरला जुलैत पॉइंटवर उभं राहिल्यावर कसं होतं, पुढचा माणूस दिसत नाही, तसं. फक्त आणखी थंड, उणे चार. लोखंडी कठडा होता, त्याच्यावर बर्फाचे बारीक काटे जमले होते, मी त्याच्यावर हातमोजा ठेवून उभी राहिले कारण मला माहीत होतं की ह्या कठड्याच्या पलीकडे, अगदी समोर, आलेच ग्लेशियर आहे. आल्प्समधली सगळ्यात लांब हिमनदी, वीस किलोमीटरच्या आसपास, तिथूनच सुरू होते. 31 वर्षं फळ्यावर काढली ती माझ्यासमोर होती आणि मधे नुसता ढग. मी चाळीस मिनिटं उभी राहिले. बाबा म्हणत होते आत चल, धाप लागतीये तुला. मी म्हटलं एक मिनिट, वारा सुटला की उघडेल. नाही उघडलं. मग सगळ्यांबरोबर तो बर्फ कोरून केलेला महाल बघितला, भारतीय जेवण जेवलो, आणि खाली. जेवताना मला रडू आलं, मी ते मिरचीवर ढकललं.

आणि खरं सांगू, ढगाचा राग नाही मला. ढग कोणाच्या हातात असतो? मला लागलं ते पुढचं.

उतरताना आम्हाला दुसऱ्या बाजूने आणलं, लाउटरब्रुनेनला. ढग वरच राहिले होते, खाली स्वच्छ. ट्रेन वळली आणि खाली दरी दिसली आणि मी उभीच राहिले डब्यात. तळ सपाट, हिरवागार, आणि दोन्ही बाजूंनी सरळ उभे कडे. नदी विळीसारखी खाली खाली कापत जाते म्हणून तिची दरी व्ही सारखी, आणि हिमनदी रंध्यासारखी तळ आणि बाजू दोन्ही खरवडत जाते म्हणून यू, हे मी हाताने करून दाखवायचे वर्गात. ते तिथे होतं. आणि कड्यावरून धबधबा, श्टाउबबाख, जवळजवळ 300 मीटर. तो धबधबा तिथे का आहे माहितीये? मोठी हिमनदी खोल खणते, बाजूने येऊन मिळणारी छोटी तेवढी खोल खणू शकत नाही, मग बर्फ वितळून गेल्यावर छोटीची दरी वर लटकत राहते आणि तिचं पाणी सरळ खाली पडतं. लोंबती दरी! परीक्षेत तीन मार्कांना असायची, आकृतीसकट. उन्हाळ्याचं वितळलेलं पाणी होतं, खाली येईपर्यंत त्याचा नुसता धूर होत होता आणि वाऱ्याने तो धूर एका बाजूला झुकत होता.

स्टेशनातून बाहेर आलो तर बस उभीच. मी टूर मॅनेजरला म्हटलं मला दहा मिनिटं दे, फक्त त्या चर्चपर्यंत जाऊन येते. तो म्हणाला काकू, हा स्टॉप नाहीये, ड्रायव्हरचे तास संपतात. सात मिनिटं मिळाली, त्यातली चार मिनिटं माणसं मोजण्यात गेली. बस निघाली तशी मी मागच्या काचेतून बघत राहिले. त्या रात्री हॉटेलात मला झोप लागली नाही. हॉटेल हायवेला लागून, गाव नाही, दुकान नाही, खिडकीतून पेट्रोल पंप. बारा दिवसांतली बहुतेक हॉटेलं अशीच, शहरापासून तीस-चाळीस किलोमीटर लांब.

ड्रायव्हरच्या तासांचं मात्र बाबांकडून ऐक कधीतरी. अख्ख्या ट्रिपमध्ये त्यांना मनापासून आवडलेली ही एक गोष्ट. पोलंडचा ड्रायव्हर, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, तरी बाबांनी त्याच्याकडून तो टॅकोग्राफ समजून घेतला. ड्रायव्हरचं कार्ड त्यात घालायचं, गाडी किती वेळ चालली, किती वेळ थांबली सगळं आपोआप नोंदलं जातं. साडेचार तास चालवलं की पाऊण तास विश्रांती, दिवसाला नऊ तास, आठवड्यात दोनदाच दहा. पोलिसांनी अडवलं तर कार्ड बघतात. बाबा म्हणाले, वाई डेपोला मी किती ड्रायव्हर बघितले, रात्री गाडीतच सीटवर झोपून पहाटेची फेरी घेऊन जाणारे. बराच वेळ गप्प होते मग. तर त्या माणसाला विश्रांती मिळायलाच हवी, मला त्याच्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण बारा दिवसांत सात देश बसवायचे म्हटल्यावर ते तास कुठून निघणार? आमच्या बघण्यातूनच निघाले. मी रोज डायरीत लिहायचे, बसमध्ये एकूण 61 तास बसलो. लाउटरब्रुनेन सात मिनिटं.

बाकी थोडक्यात सांगते. हॉलंडला ट्युलिप नव्हते. माहितीपत्रकाच्या कव्हरवर ट्युलिप आहेत बघ, लाल पिवळे पट्टे. ती मोठी बाग वर्षातून आठ आठवडेच उघडी असते, मेच्या मध्याला बंद होते, आणि आम्ही 23 मेला पोचलो. शेतातसुद्धा फुलं नाहीत कारण फूल उमललं की ते लोक मशीनने मुंडकं छाटतात, म्हणजे सगळा जोर खाली कांद्यात जातो, त्यांना कांदा विकायचा असतो. नुसती हिरवी पानं. हे बुकिंग करताना त्यांना माहीत नव्हतं असं मला वाटत नाही, मला वाईट वाटलं ते त्याचं. पॅरिसमध्ये आयफेलला तीन तास रांगेत उभे राहिलो, वर गर्दीत बाबांचा गुडघा सुजला, तो वेनिसपर्यंत सुजलेलाच होता. हेही तुला सांगितलं नव्हतं. रोज रात्री पनीर, डाळ, भात, कुठल्यातरी तळघरातल्या हॉटेलात. तू म्हणायचास ना आई तिथला ब्रेड खा, चीज खा, एकदाही मिळालं नाही खायला.

फोटो सगळे चांगले आलेत. फोटो बघून तू खूश झालास, सुनबाईनी स्टेटसला ठेवले, मी प्रत्येकाखाली हार्ट टाकलं. म्हणून हे सगळं आता लिहिताना मला अपराध्यासारखं होतंय. तू तुझ्या गरजा मागे ठेवून आम्हाला पाठवलंस, ते मी विसरणार नाही. पण तुला खोटं सांगून परत तेच करायला लावणं मला बरोबर वाटत नाही.

तर जपान नको. निदान असं नको. तुझ्याकडे पैसे साठले आणि आमचे गुडघे धड राहिले तर मला त्या एका दरीत ने. चार दिवस, दुसरं काही नाही, साधी खोली, मी पोहे आणि कुकर बरोबर घेते. तू, सुनबाई, इरा सगळे. एक दिवस ढग असतील तर दुसऱ्या दिवशी वर जाऊ. लवकर गेलं तर बरं कारण ती हिमनदी 1870 पासून तीन किलोमीटरच्या वर मागे गेलीये आणि अजून जातीये. नाही जमलं तर नाही, मी त्याच्यावर रुसून बसणार नाही, पण हो म्हणायचं म्हणून हो म्हणू नकोस.

आता ती आइसमीरची गोष्ट. मी टॉयलेटच्या रांगेत होते तेव्हा बाबा त्या खिडकीशी उभे होते, आणि तिथे ढग फाटला. मिनिटभर असेल. त्यांनी मला हाक मारली म्हणे, मला ऐकू गेली नाही. गाडीत बसल्यावर ते काही बोलले नाहीत, त्यांना वाटलं वर आणखी चांगलं दिसेल, आणि वर काही दिसलं नाही तेव्हा तर त्यांना बोलवेचना. घरी आल्यावर चौथ्या दिवशी सांगितलं. मी तेव्हापासून रोज विचारतेय, कसं होतं, सांगा ना. त्यांना वर्णन करता येत नाही, तुला माहितीये. म्हणाले, "बसच्या पुढच्या काचेला दगड लागला की कशी जाळी पडते, तडे तडे, पण काच पडत नाही, तसं होतं. आणि तड्यांच्या आत निळं."

काल मी त्यांना वही-पेन्सिल दिली. तासभर बसले होते अंगणात. आधी खिडकीची चौकट काढली, माप घेऊन काढावी तशी, मग तडे. मग माझ्या बॉलपेनने निळं करायला गेले आणि थांबले, म्हणाले हे नाही, हे फार गडद आहे. गणपतीला येताना इराच्या खडूंच्या पेटीतले दोन-तीन फिके निळे घेऊन ये. तिला सांग आजोबांना पाहिजेत, परत देतील.

तुझी आई