एसी सक्तीचा झाला, चार्जिंगच्या वायरीचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, हे उत्तमच झालं. चैत्र-वैशाखात इंजिनाच्या धगीशेजारी बसून गाडी चालवणाऱ्याला त्याची किंमत विचारा. पण मी शिरोलीत ट्रकचं वायरिंग करतो आणि माझ्याकडं गाडी लावणारा ड्रायव्हर पहिल्यांदा मागतो तो मोबाईलचा स्टँड आणि चार्जिंग पॉइंट. तोही कंपनीतूनच, ठरावीक जागी आणि नीट फ्यूज घालून बसून यावा, एवढ्यासाठी हे पत्र.

मोबाईल ही आता ड्रायव्हरची हौस राहिलेली नाही. ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा कागद, त्यातच असतं, आणि त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. आरसी, लायसन डिजिलॉकरमधून दाखवलं तरी चालतं. माल उतरवताना ओटीपी फोनवर, टोल कापल्याचा मेसेज फोनवर, आणि ‘कुठं पोचलास?’ म्हणून मालकाचा आवाजही फोनवरच. हातात फोन धरून गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली एक ते पाच हजार दंड किंवा कैद आहे, तो असावाच. पण ऑक्टोबर २०२० पासून केंद्राच्या नियमातच रस्ता बघण्यापुरता फोन वापरायची मुभा आहे, लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. तो बेत साधायचा तर फोन ठेवायला डॅशबोर्डवर जागा नको का?

ही जागा आणि वीज आज रस्त्याकडेला मिळते, आणि तिथंच घोळ आहे. मोठ्या ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. बाजारातला स्वस्त चार्जर १२ चा, तो २४ वर लावला की जळतो. मग वायरमन दोन्ही बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून वायर काढून एकाच बॅटरीवर चार्जर आणि गाण्यांचा टेप चालवतो. काम झटपट होतं, ड्रायव्हर खूश. पण जोडीतल्या एकाच बैलानं ओढायचं, तसं त्या बॅटरीचं होतं. ती रोज जास्त उतरते. इंजिनावर फिरून वीज बनवणारा आल्टरनेटर दोन्हींना मिळून चार्ज करतो, त्यामुळं ही कधी पूर्ण भरत नाही आणि दुसरी जादा चार्ज होऊन पाणी उकळते. शेवटी एका सकाळी स्टार्टर मारला तरी गाडी उठत नाही, मालक बॅटरीच्या कंपनीला शिव्या देतो आणि पाच आकडी खर्च करून नवी जोडी घालतो. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवला, किंवा १२ ते २४ व्होल्ट असं स्पष्ट लिहिलेला चार्जर घेतला, तर त्या मानानं खर्च किरकोळ आहे.

फ्यूजचं तर बोलायलाच नको. दोन फोन आणि एक टॅब मिळून चाळीसएक वॅट धरा. २४ व्होल्टवर दोन अँपिअरसुद्धा होत नाहीत. पाचचा फ्यूज भरपूर झाला. प्रत्यक्षात वीसचा पिवळा सापडतो, नाहीतर उडालेल्या फ्यूजला गुंडाळलेली सिगारेटच्या पाकिटातली चांदी. फ्यूज मोबाईलला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. म्हणून तो बॅटरीजवळ हवा, चार्जरजवळ नव्हे. कारण बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तुकड्याला कुणी वाली नसतो. पत्र्याच्या भोकातून वायर रबरी बुश न घालता ओढली, की खंबाटकीसारख्या घाटात चढ-उतार करून करून तिचं कव्हर कापलं जातं. आणि इंजिनाच्या कामाला केबिन पुढं झुकवायची असते, हे तर बरेच जण विसरतात. तिथं वायरीला ढील ठेवली नाही तर पहिल्याच वेळी ती ताणून तुटते आणि जिवंत टोक चॅसिसवर लोंबकळत राहतं.

स्टँडच्या जागेबद्दलही सांगतो. काचेला चिकटणारा रबरी वाटीचा स्टँड उन्हात सुटतो, आणि फोन ब्रेकच्या पायाखाली जातो. गणपतीचा फोटो, झालर, हार यांनी काच आधीच भरलेली. डावीकडं पुढच्या कोपऱ्यात खाली मोटारसायकलवाला उभा असला तर उंच केबिनमधून तसाही दिसत नाही. तिथंच फोन लावला तर उरलासुरला कोपराही झाकला. स्टँड स्टिअरिंगच्या डाव्या हाताला, काचेच्या कडेखाली, स्क्रूनं आवळलेला हवा. आणि स्क्रू मारायच्या आधी मागं हार्नेस, म्हणजे गाडीच्या वायरींचा जुडगा, कुठून गेलाय ते बघायला हवं.

‘स्टँड दिला की रील बघत बसतील’ असं काही मालक म्हणतात. बघणारा मांडीवर ठेवूनही बघतो, ते जास्त वाईट. शिवाय गाडी चालू असताना दर अर्ध्या तासानं फोन करणाऱ्यानं हे बोलावं, याची मला गंमत वाटते.

नव्या काही गाड्यांत यूएसबी पॉइंट येतो खरा, पण अनेकदा त्यातून करंट इतका कमी मिळतो, की नकाशा चालू असला तर फोन चढायच्या ऐवजी उतरतच राहतो. एसीचा नियम करणाऱ्या परिवहन मंत्रालयानं एक पक्का स्टँड, दोन दमदार पॉइंट आणि त्यांचा वेगळा फ्यूज एवढं त्याच नियमाच्या शेजारी लिहावं. तोवर जुन्या गाड्यांच्या मालकांनी हे काम करून घेताना वायरमनला फ्यूज कुठं बसवलाय ते दाखवायला सांगावं. दाखवता आला नाही, तर पैसे देऊ नयेत.

– एक ऑटो इलेक्ट्रिशियन, शिरोली (पुलाची), जि. कोल्हापूर