अण्णा, त्या पेन्सिलीच्या खुणांबद्दल

आदरणीय अण्णांस,
सा. न. वि. वि.

वकिलाच्या ऑफिसात कामाला लागलेल्या पोराला बहुधा दोनच गोष्टी सांगितल्या जातात: पुढची तारीख घेऊन ये आणि झेरॉक्स काढून आण. ज्यांनी शिकवायचं त्यांनी 'बघून शीक' म्हणत हात झटकले. फी घेऊन प्रमाणपत्र वाटणाऱ्या वर्गात सर्टिफाइड कॉपी, म्हणजे निकालाची कोर्टाकडून मिळणारी प्रमाणित नक्कल, हातात धरूनसुद्धा कुणी दाखवली नाही. तुम्ही मात्र कसबा बावड्यात कोर्ट सुटल्यावर एक पैसा न घेता आम्हा सगळ्यांना शिकवलंत.

मुदत आम्ही तुमच्याकडे मोजायला शिकलो. जिल्हा न्यायालयातल्या दिवाणी अपिलाला 30 दिवस, हायकोर्टातल्या दुसऱ्या अपिलाला 90. निकालाचा दिवस सोडायचा, नकलेला लागलेले दिवस वजा करायचे. पण नकलेचा अर्जच 20 दिवसांनी टाकला, तर ते 20 दिवस गेलेच. आणि नक्कल तयार असून आणली नाही, तर तेही दिवस आपल्याच माथी. म्हणून नकलेवर आधी अर्ज, तयार आणि दिली या तीन तारखा बघायच्या.

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, तेव्हा व्हिडिओसारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या कलम 63(4) च्या प्रमाणपत्राला दोन भाग आहेत हेही तुम्हीच दाखवलंत. भाग अ पक्षकाराचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि भाग ब भरायचा नेमका राहून जातो. व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून मागवू नका, तिथं फाईल दाबून लहान केली जाते आणि हॅश, म्हणजे फाईलची ओळख पटवणारा आकडा, बदलतो. मूळ फोनवरून केबलनं घ्या. फाईलचं नुसतं नाव बदललं तर हॅश बदलत नाही, हे तुम्ही समोर करून दाखवलं होतंत. ई-फायलिंगला सह्या आणि पानांचे आकडे झाल्यावरच स्कॅन, नाहीतर कागदाचं पान एक आणि पीडीएफचं दुसरं.

हे सगळं एखाद्या हुशार माणसानं सांगितलंही असतं. पण अण्णा, तुम्ही चुकीपुढे खूण पेन्सिलीनं करत होता, अगदी हलकी, आणि फाईलसोबत खोडरबर देत होता. दुरुस्ती झाली की खूण पुसायची, मगच फाईल साहेबांच्या टेबलावर. कोण चुकलं हे ना साहेबांना कळायचं, ना पक्षकाराला. काही ऑफिसांत तीच चूक लाल शाईत गोल करून, पक्षकारासमोर नाव घेऊन सांगितली जाते. तिथली पोरं विचारायचंच सोडून देतात, आणि न विचारलेल्या शंकेतूनच मुदत चुकते. कामात कडक असूनही माणसाची लाज राखणारी माणसं कोर्टाच्या आवारात आहेत, म्हणून तर पोरं या धंद्यात टिकतात. टायपिंगला मराठी 30, इंग्रजी 40 पास करा, पदवी असेल तर लॉला नाव घाला, म्हणून मागं लागणारेही तुम्हीच.

18 ऑगस्ट 2025 पासून इथं कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतं. सहा जिल्ह्यांतले कारकून कागद घेऊन येतात. सातबारा, फेरफार, जबाब, सगळं मराठीतलं इंग्रजीत करावं लागतं आणि निशाणी क्रमांक, म्हणजे पुराव्याच्या कागदाला कोर्टानं दिलेला नंबर, मूळ कागदाशी जुळला नाही की हरकत निघते. नव्या पोरांना मुदत आणि प्रमाणपत्र आम्ही शिकवू. निशाण्या जुळवायचं तेवढं तुम्ही येऊन दाखवावं, ही विनंती.

आपले,
तुमच्या हाताखाली शिकलेले कारकून आणि ज्युनिअर, कोल्हापूर