सही तुझीच आहे, नंद्या

पारोळा,
आषाढी एकादशी, 6 जुलै 2025

प्रिय नंद्या,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. आईचे गुडघे होते तसेच आहेत, माझी शुगर वरखाली, मनीषा बरी. प्रकृतीचं प्रकरण संपलं. आज उपास, दुकानात गिऱ्हाईक नाही, साबुदाणा छातीशी येऊन बसलाय आणि फोन करायची माझी छाती नाही, म्हणून हा कागदाचा उद्योग.

दिवाळीनंतर आपण बोललो नाही. चूक माझीच, हे एकदा लिहून टाकतो म्हणजे पुढे मोकळं बोलता येईल. तू सांगत होतास की तुझ्या कॉलेजात सायन्सच्या अकरावीत मराठी घेणारी पोरं उरली अकरा. ज्या मुलखाच्या विद्यापीठाला 2018 साली बहिणाबाईंचं नाव दिलं तिथे ही गत, असं तू म्हणालास आणि मी फटकन बोलून गेलो, "अरे, बहिणाबाईंनी तरी कुठे मराठी विषय घेतला होता?" तू फोन ठेवलास. मला वाटलं रेंज गेली. खरंच वाटलं रे, मी दोनदा "हॅलो, हॅलो" केलं. आणि एक कबूल करतो, नंतर हा विनोद मी दुकानात चार जणांना सांगितला. चौघंही हसले. त्याची शिक्षा गुरुवारी मिळाली.

ईश्वरीची दहावी तुला ठाऊक आहे, वहिनींनी स्टेटस पाहिलं होतं. मराठी 94, इंग्रजी 89, हिंदी 90, विज्ञान 92, सामाजिक शास्त्रे 96. बेरीज 461, म्हणजे 92.20 टक्के. सहावा विषय तू विचारणारच. गणित 78. बेस्ट ऑफ फाइव्हने, म्हणजे सहातले चांगले पाचच धरायच्या नियमाने, ते पोटात घातलं आणि पेढे वाटताना कोणाला दिसलं नाही. पण अकरावीच्या दारात उभं राहिलं की झाकलेलं गणित आधी बाहेर येतं.

यंदा अकरावीचं सगळंच ऑनलाइन. पूर्वी हे मुंबई-पुण्या-नाशिककडचं दुखणं होतं, या वर्षी अख्ख्या राज्याला लागलं. आपल्या वेळी एक फॉर्म, एक खिडकी आणि आत ओळखीचा शिपाई. आता फॉर्मचा भाग एक, भाग दोन, दहा कॉलेजांचे पसंतीक्रम, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घेणं भाग, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. मी तर ते दहा क्रम लावायला काशिनाथ जिभाऊंना बसवलं होतं. त्यांनी आपल्या नातवाच्या कॉलेजला पहिला नंबर दिला, ते वेगळं. यादी लांबत लांबत जूनच्या शेवटी लागली. ईश्वरीला पहिलं लागलं, जळगावचं. राहायला आत्याकडे.

मला वाटलं, सुटलो. पण पोर्टल फक्त कॉलेज आणि शाखा देतं. विषयांचा फॉर्म कॉलेजात जाऊन भरायचा.

त्या विषयांपायी आमच्या घरात महिनाभर जे चाललंय ते तुला ऐकवतो. बारावी पास व्हायचं तर गणित साधं आहे: सहा विषय, सहाशे गुण, प्रत्येकात 35. पण नुसतं पास व्हायचंय कोणाला? पोरीचं अजून ठरलेलं नाही. सकाळी गुरांचा डॉक्टर, दुपारी बी.एस्सी. ॲग्री, रात्री मैत्रिणीचा फोन आला की कॉम्प्युटर. आणि प्रत्येक दाराचं कुलूप निराळं. गुरांच्या डॉक्टरला 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, म्हणजे बायो हवं. इंजिनिअरिंगला फिजिक्स आणि गणित सुटत नाही. ॲग्रीला गणित असो की बायो, कुठल्याही ग्रुपची सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, चालते, वर आपला सातबारा लावला की वाढीव गुण. एनआयटीत जायचं तर जेईई निघूनही बारावीला 75 टक्के लागतात. सीईटीत अकरावीचा भाग वीस टक्के, म्हणजे अकरावीला लोळायची सोयही गेली. हे सगळं मी कपाशीच्या बियाण्याच्या पत्रकाच्या पाठीवर मांडलं, रकाने पाडून. ईश्वरी म्हणाली, "पप्पा, तुम्ही माझे विषय काढताय का वाण निवडताय?" मी म्हटलं, वाण चुकलं तर पुढच्या जूनला बदलता येतं.

तिला गणित सोडायचं होतं. गणिताच्या जागी भूगोल घेऊन पीसीबी, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायो, करते म्हणाली. माझ्या पोटात गोळा आला. कारण तुला माहीत आहे. 1995 साली मी काय केलं होतं? क्रॉप सायन्स. दोनशे गुणांचा एकच विषय, एका दगडात गणितही गेलं आणि मराठीही गेली. मी किती खूश होतो! तू मात्र दहावीला 81 टक्के मिळवून आर्ट्सला गेलास, मराठीसाठी, आणि मी तुला सगळ्यांच्या समोर, टिल्लूच्या सायकलच्या दुकानात, "भिकेचे डोहाळे" म्हटलं. तू तेव्हाही महिनाभर बोलला नव्हतास. (नंतर बोललास तेही माझ्याकडे तुझे सात रुपये होते म्हणून. ते मी दिले. तू म्हणतोस पाचच दिले. सातच दिले होते.) पुढे इंजिनिअरिंग डिप्लोमाची जाहिरात पाहून माझा बाप म्हणाला, भर फॉर्म, तेव्हा बारावीला गणित नाही म्हणून मला उगाच लाज वाटली आणि मी भरलाच नाही. बसलो गोण्यांच्या मागे. दुकानाबद्दल तक्रार नाही, चांगलं चाललं. पण पोरीने गणित सोडते म्हटलं की मला ती लाज आठवते.

म्हणून मी म्हटलं, गणित ठेव. मनीषा म्हणाली, बायो ठेव. क्लासवाल्या सरांनी सांगितलं, चारही ठेवा, एबी ग्रुप, मग कुठेही जाता येतं. मी त्यांना विचारलं, बायो नंतर नाही का देता येत? येतं म्हणे. 22 नोव्हेंबर 2023 ला मेडिकल कमिशनने नोटीस काढली आहे, बारावीनंतर जादा विषय म्हणून बायो केलं तरी नीटला बसता येतं. बोर्डाला तसा एकेक विषय आयसोलेटेड देता येतोच. पण पुन्हा पुस्तकं, पुन्हा प्रॅक्टिकल, एक वर्ष मधे. कोण करतंय? तर चारही. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायो. इंग्रजी सक्तीचं. झाले पाच.

सहाव्याचा विचारच कोणी केला नव्हता. मीही नाही. महिनाभर रकाने पाडणाऱ्या माणसाच्या पत्रकावर सहाव्या रकान्यात नुसतं 'भाषा वगैरे' लिहिलेलं होतं.

गुरुवारी खिडकीशी उभे राहिलो. क्लार्क पोरगेलासा, गळ्यात नॅपकिन, समोर टेबलफॅन आणि फॅनखाली कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला स्टेपलर. त्याने फॉर्म सरकवला. इंग्रजी छापलेलंच. पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा छापलेलं, शारीरिक शिक्षण छापलेलं, ते दोन्ही श्रेणीचे. (जलसुरक्षा! अंमळनेरात नळाची वाट बघत आपण जो अभ्यास केला त्याला आता श्रेणी मिळते बघ.) त्याखाली तीन चौकोन: मराठी, हिंदी, माहिती तंत्रज्ञान. पैकी एक.

ईश्वरीने पेन मराठीवर नेलं. शपथेवर सांगतो, आधी तिथेच नेलं. क्लार्क न बघताच म्हणाला, "आयटी लिहा ताई. सगळे आयटीच घेतात. मराठीची तुकडी भरेल न भरेल." मागच्या रांगेतल्या एका बाईंनी री ओढली: आयटीचा ऐंशीचा पेपर ऑनलाइन, वीसचं प्रॅक्टिकल, पोरं पंचाण्णवच्या खाली येत नाहीत. मराठीतही ऐंशी आणि वीसच, पण तिथे पेपर तपासणाऱ्याचा हात आखडतो. माझ्या डोक्यात 75 टक्क्यांचा रकाना पेटला. पोरीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "आयटी कर." एवढंच. दोन शब्द. तिने चौकोनात बरोबरची खूण केली, अगदी हळू, रेघेबाहेर न जाता, पहिलीतली मुलं करतात तशी. फॉर्म माझ्यापुढे आला. पालकाची सही.

आता हे फक्त तुलाच कळेल. नववीत, भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर, तू मला सही शिकवलीस. मी तोवर दाखल्यावर असतं तसं पूर्ण नाव लिहायचो. तू म्हणालास, असली सही केलीस तर बँकवाले पैसे देणार नाहीत. 'रा'चा काना लांबवून त्यातच आडनाव अडकवायचं, शेवटची रेघ डावीकडे मागे ओढायची आणि खाली दोन टिंबं. पानभर गिरवून घेतलीस. तीस वर्षं मी तीच करतोय. सातबाऱ्यावर, कर्जाच्या कागदांवर, लग्नाच्या रजिस्टरवर, ईश्वरीच्या प्रगतिपुस्तकांवर. आणि गुरुवारी त्याच सहीने पोरीची मराठी सोडवली. टिंबं देताना हात थांबला. क्लार्क म्हणाला, "काका, झालं ना?" झालं म्हटलं.

आयटीची वेगळी फी भरली, पावती घेतली. बाहेर पुस्तकांच्या दुकानात अकरावी सायन्सचा संच मागितला. दुकानदाराने सवयीने मराठीचं युवकभारती वर ठेवलं, मग विचारलं, "मराठी का आयटी?" आणि ते उचलून परत फडताळात टाकलं. घरात आता युवकभारती आहे, पण इंग्रजीचं. बसमध्ये एरंडोलपर्यंत पोरगी काही बोलली नाही. मग म्हणाली, "पप्पा, दर जूनला मी आधी मराठीचं पुस्तक संपवायचे." मला माहीत होतं ते. दहावीचं कुमारभारती तिने शाळा उघडायच्या आत वाचून टाकलं होतं, धडे आधी, कविता नंतर, तुझ्यासारखं उलटं नाही.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, "मराठी बी शिकनी पडस का व? ती ते येसच ना!" अहिराणीत म्हणाली. मी हसलो आणि मग हसू ओसरलं, कारण मी तुला फोनवर जे बोललो होतो ते वेगळं काय होतं?

तू म्हणशील, मराठीला अभिजात दर्जा मिळाला त्या 3 ऑक्टोबरच्या रात्री मला मेसेज करून झोपेतून उठवणारा तू, आणि वर्षाच्या आत तुझ्या पुतणीचीच ही तऱ्हा. म्हण. संमेलनाचंही काढ. फेब्रुवारी 2024 मध्ये 97 वं संमेलन आपल्या अंमळनेरात, 1952 नंतर पहिल्यांदा, तू तिन्ही दिवस पुढच्या रांगेत, आणि मी पहिल्याच परिसंवादातून उठून शेवभाजी खायला गेलो. पण ईश्वरी तुझ्याजवळ बसून राहिली होती, हेही काढ. तिने तेव्हा घेतलेली चार पुस्तकं आत्याकडे न्यायच्या पेटीत सगळ्यात खाली ठेवली आहेत. मी पाहिली. बोललो नाही.

विषय बदलायचा कोरा अर्ज मी परवा क्लार्ककडून मागवून घेतला. आठवडाभरात द्या, मग बघू म्हणाला. तो दुकानात काट्याखाली दाबून ठेवलाय. तुझ्याशी खोटं बोलणार नाही, बहुतेक तो भरला जाणार नाही. मनीषाचं मत आहे की एवढ्या चार दांडग्या विषयांत एक तरी हलका असू दे, आणि ते चूकही नाही. तुझी अकराची तुकडी माझ्या पोरीने बारा झाली नसती, ती जळगावला आणि तू शहाद्याला, हेही मी मनाला बजावून पाहिलं. उपयोग नाही झाला.

तुझं काय? कार्यभाराचं पुढे काय झालं, तुला शाळेकडे वर्ग करणार होते ते टळलं का? ओंकारची बारावी आटपली, आता कुठे? वहिनींची बदली नंदुरबारलाच ना? टिल्लू सांगत होता तुझ्या घराचा स्लॅब पडला. मी घाबरलो, मग कळलं पडला म्हणजे टाकला. अभिनंदन. पाणी भरपूर मार, पहिले पंधरा दिवस.

एक काम आहे. मास्तर म्हणून तुझ्याकडे अकरावीच्या मराठी युवकभारतीच्या जादा प्रती असतील. त्यातली खुणा केलेली, तुझ्या अक्षरात समासात काहीबाही लिहिलेली एखादी जुनी प्रत शहादा-जळगाव गाडीत कंडक्टरकडे दे. आत्याचा पत्ता मागे लिहिलाय. ईश्वरीला मी काही सांगितलेलं नाही. वरती तिचं नाव घाल, माझं नको.

दोन किलो बिबड्या मनीषाने बांधून ठेवल्या आहेत, त्याच गाडीने परत पाठवतो. रागात असलास तर वहिनींना दे.

तुझाच,
बापू

ता. क. सातच दिले होते.